व्यवहारलेखन, मराठी

व्यवहारलेखन, मराठी : दुकान, बाजारपेठ, कचेरी व कौटुंबिक पत्रव्यवहार यांत दैनंदिन गरजेपोटी होणारे मराठी लेखन. वाङ्‌मयीन लेखनाहून ते वेगळे असून त्याची लिपी, अंकलेखन, कालगणना, संक्षेप व मायने यांचे संकेत स्वतंत्रपणे घडत आले. वाण्याची वही, कर्जरोखा, जमिनीचे खरेदीखत, दुकानाची पाटी, पोस्टकार्ड आणि अलीकडील भ्रमणध्वनीवरील संदेश हे सर्व त्याचे प्रकार होत. या लेखनाच्या संकेतांत मुख्यत्वे चार कारणांनी बदल झाले : लेखनसाधन, राज्यसत्ता, मापनपद्धती आणि शाळेत शिकविली जाणारी प्रमाणभाषा. प्रत्येक बदलामुळे नवे लेखन वाचणाऱ्यांची संख्या वाढली व जुने लेखन वाचणाऱ्यांची घटली. मराठवाड्यात कारभाराची भाषाच बदलल्यामुळे हा परिणाम विशेष ठळकपणे दिसतो. त्या दृष्टीने हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वर (ता. औंढा नागनाथ) या पूर्णाकाठच्या गावाच्या परिसराचा इतिहास उद्‌बोधक आहे.

मोडी व बाळबोध : एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मराठीच्या दोन लिप्यांमध्ये कामाची सरळ विभागणी होती. पोथ्या, स्तोत्रे व काव्ये बाळबोध म्हणजे देवनागरी लिपीत लिहिली जात. हिशेब, पत्रे, सनदा व वतनाचे कागद मोडीत लिहिले जात. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री (तेरावे शतक) याने मोडी प्रचारात आणली, अशी परंपरागत समजूत आहे. कागदावर आधी ओळभर शिरोरेषा आखून घेऊन तिच्याखाली बोरूने अक्षरे लिहीत जाण्याची तिची रीत होती. हात न उचलता भरभर लिहिता यावे, या हेतूने अक्षरांना गोलाई देण्यात आली. इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद मोडीत बहुधा पाळला जात नसे, शब्दाशब्दांत अंतर नसे आणि विरामचिन्हेही नसत. विषयाची पूर्वकल्पना असलेल्या वाचकाला त्यामुळे अडचण येत नसे, परक्या वाचकाला मात्र मोडी कागद लावणे कष्टाचे जाई. मोडीतील ‘वाचणे’ यासाठी रूढ असलेला ‘लावणे’ हा शब्दच या लिपीच्या स्वरूपाचा द्योतक आहे.

महाराष्ट्रात स्थायिक झालेल्या मारवाडी व गुजराती व्यापाऱ्यांच्या वह्या महाजनी वा गुजराती वळणाच्या लिप्यांत असत. महाजनी लेखनात स्वरचिन्हे बव्हंशी गाळली जात. ‘काकाजी अजमेर गये’ हे वाक्य ‘काकाजी आज मर गये’ असे वाचले जाऊन घरात रडारड झाल्याची आख्यायिका व्यापारी वर्गात सर्वत्र सांगितली जाते. व्यापाऱ्यांचे लेखन अशा प्रकारे त्यांच्या पेढीपुरते राहिले व त्यातच त्याची गुप्तताही साधली गेली.

दुकानाची वही : लाल कापडी वेष्टणाची, उभट आकाराची, शिवलेली वही हे पारंपरिक दुकानाचे मुख्य दफ्तर होय. तीत रेघा छापलेल्या नसत. कागदाला घड्या घालून रकाने पाडीत. दररोजची जमा व खर्च ज्या वहीत क्रमाने मांडला जाई, ती रोजकीर्द. तीवरून प्रत्येक खातेदाराच्या नावे उतरून घेतलेले हिशेब ज्या वहीत असत, ती खतावणी. पानाच्या एका बाजूस जमा व दुसऱ्या बाजूस नावे, शेवटी शिल्लक आणि पान उलटताना ‘मागील पानावरून’ ही नोंद, असा तिचा क्रम असे. पहिल्या पानावर ‘श्री’ लिहून दिवाळीत वहीपूजन केले जाई आणि कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून नव्या वर्षाचा हिशेब सुरू होई. जुन्नर व दौलताबाद येथील हातकागद लेखनासाठी प्रसिद्ध होता. काजळीपासून केलेल्या शाईचा लेख त्यावर दीर्घकाळ टिके.

अपूर्णांक लिहिण्याची पद्धती हे या वह्यांचे खास वैशिष्ट्य होते. सोळा आण्यांच्या रुपयात एक उभी रेघ म्हणजे पाव रुपया, दोन उभ्या रेघा म्हणजे अर्धा आणि तीन म्हणजे पाऊण. पावापेक्षा कमी असलेले आणे आडव्या किंवा तिरप्या रेघांनी दाखवीत. रुपयांच्या अंकापुढे दोन उभ्या व दोन आडव्या रेघा असल्या, की तो आकडा त्या रुपयांवर दहा आणे असा वाचला जाई. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी व अडीचकी हे पाढे शाळांतून पाठ करून घेतले जात, ते याच व्यवहारासाठी. दुकानदाराचा तोंडी हिशेब व वहीतील रेघा यांचा दुवा या पाढ्यांमुळे साधला जाई.

वाचन व हक्क : वही व रोखा यांचे लेखन फक्त लिहिणाऱ्यालाच वाचता येणे, ही गोष्ट सामाजिक दृष्ट्या निरुपद्रवी नव्हती. कर्ज काढणारा शेतकरी बहुधा निरक्षर असे. रोख्यावर त्याचा अंगठा वा नांगराची निशाणी असे, पण रोख्यात काय लिहिले आहे ते त्याला सावकाराच्या किंवा लेखनिकाच्या तोंडूनच कळे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेल्या आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांचा रोख प्रामुख्याने सावकारांकडील कर्जरोखे व हिशेबाचे कागद यांवर होता; ते हिसकावून जाळण्यात आले. त्यानंतर झालेल्या दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियमात (१८७९) शेतकऱ्याने करून द्यावयाचे दस्तऐवज ग्राम-निबंधकासमोर लिहिले जावेत, तसेच दिलेल्या पैशाची पावती मिळावी, अशा तरतुदी करण्यात आल्या. लिहिलेला मजकूर दुसऱ्या पक्षालाही समजला पाहिजे, हे तत्त्व यायोगे कायद्याने मान्य केले. भारतीय पुरावा अधिनियमाने (१८७२) नियमितपणे ठेवलेल्या हिशेबवहीतील नोंद पुराव्यात ग्राह्य मानली. परंतु तेवढ्याच आधारावर कोणावर देण्याची जबाबदारी टाकता येणार नाही, असेही स्पष्ट केले. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने (२०००) इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील हिशेबवह्यांचा या तरतुदीत समावेश केला.

मुद्रण व विरामचिन्हे : मुद्रणकलेने बाळबोध लिपीचे पारडे जड केले. श्रीरामपूर (बंगाल) येथे विल्यम कॅरी याचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये देवनागरी मुद्राक्षरांत, तर मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये मोडी मुद्राक्षरांत छापला गेला. परंतु मोडीची वळणे सुट्या खिळ्यांत बसविणे अवघड होते व मोडीतील मुद्रण फारसे वाढले नाही. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी सुरू केलेले दर्पण, मोल्सवर्थचा कोश (१८३१) व दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण (१८३६) यांमुळे छापील बाळबोध मराठीला स्थैर्य येऊ लागले. जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये मुंबईत अक्षरओतशाळा काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्या छापखान्यातील सुबक अक्षरांचे वळण पुढे दीर्घकाळ आदर्श मानले गेले.

स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह इ. विरामचिन्हे इंग्रजीच्या अनुकरणाने मराठीत आली. शालेय पुस्तकांच्या द्वारे ती रूढ करण्यात मेजर टॉमस कँडी याचा वाटा मोठा होता. शब्दांत अंतर, परिच्छेद व विरामचिन्हे यांमुळे अनोळखी मजकूरही मनातल्या मनात वाचता येऊ लागला. मोठ्याने वाचून अर्थ लावण्याची जुनी सवय त्यामुळे मागे पडली. मोडी मात्र शाळा, कचेऱ्या व पेढ्या यांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून होती. १९५० च्या सुमारास ती शिक्षणक्रमातून गेली आणि एका पिढीच्या आत सामान्य वाचकाला अपरिचित झाली.

पत्रलेखनाचे संकेत : हिंदुस्थानात १ जुलै १८७९ पासून पोस्टकार्डे मिळू लागली. एवढ्याशा जागेत मजकूर बसविण्यासाठी जुन्या पत्रांतील लांबलचक मायने आखडले गेले. वडीलधाऱ्यांना ‘तीर्थरूप’ व ‘साष्टांग नमस्कार’, लहानांना ‘चिरंजीव’ व ‘अनेक आशीर्वाद’, परक्यांना ‘राजमान्य राजेश्री’ असे संबोधन असे. त्यांचे ‘ती.’, ‘सा. न. वि. वि.’, ‘चि.’, ‘अ. आ.’, ‘रा. रा.’ असे संक्षेप रूढ झाले. गावाच्या नावाआधी ‘मु. पो.’ लिहिण्याची पद्धतीही टपालखात्यामुळे सर्वत्र पसरली. मायन्यावरून पत्रलेखक व पत्र घेणारा यांचे नाते पहिल्या ओळीतच स्पष्ट होई. भ्रमणध्वनीवरील संदेशात पाठविणाऱ्याचे नाव व वेळ आपोआप उमटत असल्याने मायना व दिनांक यांची गरज उरली नाही, आणि त्यांबरोबर नात्याचा हा लेखी निर्देशही लोपत चालला आहे. लग्नपत्रिकेत मात्र तो अद्याप टिकून आहे.

मराठवाड्यातील स्थिती : सिद्धेश्वर व त्याच्या आसपासचा प्रदेश हा हैदराबाद संस्थानातील परभणी जिल्ह्याचा भाग होता. संतपरंपरेशी या भूमीचा संबंध जुना आहे. नामदेवांशी निगडित असलेले नरसी व विसोबा खेचरांशी निगडित असलेले औंढा नागनाथ ही दोन्ही स्थाने याच परिसरात येतात. मराठी ही येथील लोकांची बोलण्याची व भजनाची भाषा असली, तरी संस्थानच्या दरबाराची भाषा प्रथम फार्सी होती व १८८४ च्या सुमारास तिची जागा उर्दूने घेतली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातील शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. गावच्या वतनदारांचे व पटवाऱ्यांचे कागद बहुधा मोडीत, वरिष्ठ कचेऱ्यांचे आदेश व निवाडे उर्दूत आणि देवळातील पोथी बाळबोधीत, अशी तिहेरी विभागणी त्यामुळे झाली.

कालगणना व चलन यांतही निराळेपणा होता. संस्थानच्या कारभारात फसली सन व आजूर, दै, बहमन इ. इराणी महिने चालत. फसली सनात ५९० मिळविले असता स्थूलमानाने इसवी सन मिळतो. चलन ‘हाली सिक्का’ असून सात हाली रुपये म्हणजे सहा ‘कलदार’ म्हणजे इंग्रजी रुपये, असा स्थूल दर असे. संस्थानाबाहेरच्या पेठेशी देवघेव करणाऱ्या व्यापाऱ्याला रक्कम हाली की कलदार, तसेच सन फसली, शक, संवत की इसवी, हे वहीत स्पष्ट लिहावे लागे. तो उल्लेख राहिला, तर हिशेबाचा अर्थच बदले.

सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्यात समाविष्ट झाला. महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने (१९६४) मराठीला राजभाषेचे स्थान दिले. अवघ्या दोन दशकांच्या अवधीत येथील कारभार उर्दूतून मराठीत आला, हाली रुपया जाऊन भारतीय रुपया आला, फसली सन मागे पडला व मोडीचे शिक्षण थांबले. याच काळात पूर्णा नदीवर येलदरी व तिच्या खालच्या अंगास सिद्धेश्वर ही धरणे बांधण्यात आली. दोन्ही १९६८ मध्ये पूर्ण झाली. भूसंपादन, पुनर्वसन व सिंचन यांमुळे जमिनीच्या कागदांना अशा प्रदेशात नवे महत्त्व येते. पण जुना कागद उर्दूत किंवा मोडीत, आणि तो दाखविणारा शेतकरी व तपासणारा कर्मचारी दोघेही केवळ बाळबोध वाचणारे, असा प्रसंग मराठवाड्यात सर्वत्र उद्‌भवला. परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. त्यामुळे सिद्धेश्वरच्या जुन्या कागदांवरील जिल्ह्याचे नावही आता वेगळे झाले आहे.

दशमान पद्धती : १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. वजने व मापे यांसंबंधीच्या १९५६ च्या अधिनियमानुसार १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक मापे लागू होऊन १९६० नंतरच्या काही वर्षांत ती सार्वत्रिक झाली. त्यापूर्वी गुंज, मासा, तोळा, छटाक, शेर, मण व खंडी ही वजने आणि धान्यासाठी अधोली, पायली ही मापे चालत. शेर व पायली यांचे मान ठिकठिकाणी वेगळे असल्याने परगावच्या बाजारात फसगतीला वाव असे. देशभर एकच किलोग्रॅम आल्याने ही अडचण दूर झाली. सोळाच्या पटीतील रेघांची जागा दशांश चिन्हाने घेतली व पावकी-दिडकीचे पाढे शाळेतून गेले. हे संकेत बोलण्यात मात्र अधिक काळ टिकले. पंचवीस पैशांना ‘चार आणे’ म्हणण्याची सवय ते नाणे ३० जून २०११ नंतर चलनातून जाईपर्यंत होती, आणि ‘सोळा आणे खरे’ हा वाक्प्रचार आजही रूढ आहे. प्राप्तिकरासाठी सर्वांना ३१ मार्चअखेरचे एकच हिशेबी वर्ष १९८९–९० या आकारणी वर्षापासून सक्तीचे झाले. तेव्हापासून दिवाळीतील वहीपूजनाचा हिशेबी अर्थ संपून ते धार्मिक विधी म्हणून उरले.

लेखनविषयक नियम : अनुस्वार व ऱ्हस्व-दीर्घ यांसंबंधीचा वाद एकोणिसाव्या शतकापासून चालू होता. मराठी साहित्य महामंडळाने (स्थापना १९६१) तयार केलेले चौदा नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले. १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. व्युत्पत्तीने सिद्ध होणारे, पण उच्चारात नसलेले अनुस्वार या नियमांनी वगळले. ‘घरांत’, ‘नांव’, ‘कांही’, ‘केलें’ यांच्या जागी ‘घरात’, ‘नाव’, ‘काही’, ‘केले’ ही रूपे आली. ‘कवि’, ‘नीति’, ‘गुरु’ यांसारखे तत्सम शब्द स्वतंत्रपणे येताना दीर्घान्त लिहावेत, समासात पूर्वपदी मात्र ‘कविवर्य’, ‘गुरुदक्षिणा’ असे ऱ्हस्व राहावेत, असे ठरले. पात्रांच्या तोंडी येणारी ‘असं केलं’ यांसारखी बोलण्यातील रूपेही अनुस्वार देऊन लिहिण्यास मान्यता मिळाली.

या सुधारणेमुळे शालेय शिक्षण सोपे झाले. तिची किंमतही होती. ‘विकले’ हे पुल्लिंगी अनेकवचन व ‘विकलें’ हे नपुंसकलिंगी एकवचन हा भेद पूर्वी लेखनात दिसे, तो नाहीसा झाला. देवनागरीत यंत्रसुलभ फेरफार करण्याचे प्रयत्नही या सुमारास झाले. ‘अि’, ‘अु’, ‘अे’ ही स्वाक्षरे वि. दा. सावरकर व वर्ध्याची राष्ट्रभाषा प्रचार समिती यांनी पुरस्कारिली होती. लखनौ येथील १९५३ च्या परिषदेने ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या उजवीकडे देण्याचे सुचविले, परंतु वाचकांच्या अंगवळणी न पडल्याने १९५७ मध्ये ती सूचना मागे घेण्यात आली. मराठी वळणाचे पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ ही अक्षररूपे शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या व पुन्हा १० नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयाने प्रमाण ठरविली.

दुकानांचे रूपांतर व पाट्या : पारंपरिक किराणा दुकानात माल पोत्यांत व डब्यांत असे. गिऱ्हाईक मालाचे नाव उच्चारी आणि दुकानदार तो तोलून रद्दी कागदाच्या पुडीत बांधून देई. या व्यवहारात वाचनाची गरज दुकानदारालाच असे. वेष्टनबंद मालाने ही स्थिती बदलली. मालाचे वजन, किंमत व उत्पादनाचा काळ छापणे कायद्याने आवश्यक झाले, व ते वाचून पाहण्याची जबाबदारी ग्राहकावर आली. तथापि वेष्टनावरील हा आवश्यक मजकूर हिंदीत (देवनागरी) किंवा इंग्रजीत असावा, एवढेच २०११ च्या वेष्टित वस्तूंविषयीच्या नियमांचे बंधन आहे. अन्य भाषेतील मजकूर जादा म्हणून देता येतो. परिणामी दुकानातील मराठी लेखनाचा प्रश्न बव्हंशी दुकानाच्या पाटीपुरता राहिला.

दुकानांवरील पाट्या मराठीत असाव्यात, ही तरतूद राज्याच्या दुकाने व आस्थापनाविषयक कायद्यात होती. २०१७ च्या नव्या अधिनियमाच्या मुख्य तरतुदी दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू झाल्याने लहान दुकाने तीतून सुटली. २०२२ च्या दुरुस्तीने कामगारांची संख्या कितीही असली तरी पाटी देवनागरी लिपीतील मराठीत असणे आणि ती अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसणे बंधनकारक केले. त्याविरुद्ध झालेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईतील किरकोळ व्यापाऱ्यांना पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. पाट्यांचे तंत्रही या काळात पालटले. रंगाऱ्याने हाताने रंगविलेल्या अक्षरांच्या जागी संगणकावर जुळवून छापलेले फलक आले, आणि गावोगावच्या रंगाऱ्यांची स्वतंत्र वळणे जाऊन थोड्या ठरावीक अक्षरसंचांचे वर्चस्व निर्माण झाले.

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. त्यापूर्वी वर्षभर, २०१६ मध्ये, भ्रमणध्वनीवरून परस्पर रक्कम देण्याची यूपीआय पद्धती सुरू झाली होती. गल्ल्याजवळ लावलेला क्यूआर कोड व रक्कम जमा झाल्याचे बोलून सांगणारी पेटी आता खेड्यातील दुकानांतही आढळते. दुकानाचा हिशेब त्यामुळे पेढीच्या वहीतून दूरच्या संगणकावर गेला. उधारीची वही मात्र ग्रामीण भागात टिकून आहे, कारण तिची मदार परस्परांच्या ओळखीवर असते.

संगणक व पडद्यावरील वाचन : संगणकावर मराठी आणण्याच्या पहिल्या टप्प्यात प्रत्येक अक्षरसंचाची स्वतःची सांकेतिक योजना असे. एका संचात जुळविलेला मजकूर दुसऱ्या संचात निरर्थक चिन्हांची माळ होऊन दिसे. महाजनी वहीप्रमाणेच हे लेखनही ज्याच्या घरी लिहिले गेले त्यालाच वाचता येई. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये भारतीय मानक ठरले व त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला. युनिकोडचा वापर सर्वत्र होऊ लागल्यावर ही अडचण संपली. ‘ॲ’ या मराठीतील अक्षराला युनिकोडमध्ये २००८ मध्ये व मोडी लिपीला २०१४ मध्ये स्थान मिळाले. रुपयातील पाव, अर्धा, पाऊण दाखविणाऱ्या जुन्या रेघांनाही २००९ मध्ये स्वतंत्र संकेतांक देण्यात आले.

महाजालावर मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला, आणि १९७६ पासून खंडशः प्रसिद्ध होत गेलेला मराठी विश्वकोशही पुढे संकेतस्थळावर उपलब्ध झाला. छापील कोशात अकारविल्हे क्रम व पृष्ठांक यांच्या आधारे नोंद शोधावी लागे. पडद्यावर शब्द टंकून ती थेट मिळते. यातून शुद्धलेखनाला एक नवेच महत्त्व आले आहे. मानवी वाचक ‘नांव’ व ‘नाव’ किंवा ‘नीति’ व ‘नीती’ एकच समजतो, पण यंत्राचा शोध बहुतेक वेळा टंकलेल्या अक्षरांवर चालतो. १९६२ पूर्वीचा मजकूर जसाच्या तसा संगणकावर ठेवला, तर आजच्या रूपाने शोधणाऱ्याला तो सापडतोच असे नाही. आणि तो आजच्या नियमांप्रमाणे बदलला, तर मूळ लेखनाचा पुरावा नष्ट होतो. दुसरीकडे कळफलक न शिकलेले अनेक जण रोमन अक्षरांत मराठी संदेश लिहितात. त्या लेखनात ‘ल’ व ‘ळ’, ‘न’ व ‘ण’, ‘त’ व ‘ट’ हे भेद मिटतात आणि वाचकाला संदर्भाने शब्द ओळखावा लागतो. मोडी ‘लावण्या’ची ही एक प्रकारे पुनरावृत्तीच होय.

जुन्या लेखनाचे वाचन : मोडी कागदांचे मोठे संग्रह पुणे येथील पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तर, भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना १९१०) आणि तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय येथे आहेत. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेली मराठ्यांच्या इतिहासाची साधने व गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेले पेशवे दफ्तराचे पंचेचाळीस खंड (१९३०–३४) यांमुळे राजकीय महत्त्वाचे कागद बाळबोधीत आले. दुकानांच्या वह्या, गावचे हिशेब व सामान्य कुटुंबांचे दस्तऐवज यांना असा संपादक क्वचितच लाभला. त्यांचा उपयोग संपला असे समजून पुष्कळशी दफ्तरे रद्दीत गेली.

त्यांचा उपयोग संपलेला नाही, हे मराठवाड्यात अलीकडे प्रकर्षाने दिसून आले. निजामकालीन अभिलेखांतील कुणबी नोंदींच्या आधारे जातप्रमाणपत्र देण्याची कार्यपद्धती ठरविण्यासाठी राज्य शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. महसुली, शैक्षणिक व अन्य जुने अभिलेख तपासताना मोडी, उर्दू व फार्सी जाणणाऱ्यांची गरज भासली, आणि अशा वाचकांची संख्या किती थोडी आहे ते उघड झाले. १८७५ मध्ये शेतकऱ्याला न वाचता येणारा कागद सावकाराच्या पेटीत होता. आज त्याच्या वंशजाला न वाचता येणारा कागद त्याच्या स्वतःच्या घरात किंवा तहसील कचेरीत आहे. दोन्ही काळांत त्याला मध्यस्थावर विसंबावे लागले.

लिपी, मापे व शुद्धलेखन यांतील प्रत्येक सुधारणा लेखन अधिक लोकांपर्यंत पोहोचविण्याच्या हेतूने झाली व तो हेतू बव्हंशी सफल झाला. जुने लेखन वाचणारे लोक तयार करीत राहण्याची व्यवस्था मात्र तिच्या जोडीने झाली नाही. मोडीचे लहान मुदतीचे वर्ग अनेक संस्था चालवितात. त्यांत ग्रामीण दफ्तरांतील उर्दू व फार्सी संज्ञा, फसली सन आणि आणे-पैचे अंकलेखन यांचाही अंतर्भाव होणे आवश्यक आहे. संगणकावरील लेखनालाही हेच लागू पडते. जुन्या अक्षरसंचांत जुळविलेला १९९० नंतरच्या दशकातील मजकूर युनिकोडमध्ये आणला नाही, तर तो मोडी वहीपेक्षाही लवकर दुर्वाच्य होईल; कारण वहीचा कागद शतकभर टिकला, तशी संगणकाच्या तबकड्यांची स्थिती नाही.